कमी आवाजाचा ग्राइंडर

बायको अंजना झोपेत करकरा दात खायची, म्हणून बापूसोंनी तिला हॉलमध्ये झोपायला लावलं होतं. गेल्या वर्षी एका रात्री ती तिथंच वारली. बंद दारामुळे त्यांना सकाळपर्यंत काही कळलं नाही. झोप मात्र उत्तम लागली होती.

आता एकट्याच्या कॉफीसाठी ग्राइंडर हवा होता. राजारामपुरीतल्या दुकानात त्यांची अट एकच होती, आवाज नको.

"पात्यांचं मशीन लय वरडतंय, पावणं. ह्यो दात्यांचा घ्या की, हातानं फिरवायचा. शेजारी कोण झोपलं असलं तरी जाग यायची न्हाय."

बापूसोंनी दांडी फिरवली. करकर ओळखीची होती. त्यांनी दुसरा, महागाचा घेतला.

घरी ओट्यावर बंद खोकं ठेवतात तोच हॉलमध्ये करकर सुरू झाली. बापूसोंनी सवयीनं स्वयंपाकघराचं दार लावून आतून कडी घातली.

करकर आता दाराच्या आत होती.