आतला संगणक

शालन गेल्याचं हॉस्पिटलातून कळलं, त्याच संध्याकाळी बापूरावांनी तिच्या मनाची साठवलेली प्रत घरच्या संगणकावर सुरू केली. हल्ली मात्र तिला साधं ‘अहो’ म्हणायलाही बराच वेळ लागे. मेमरी वाढवून फरक पडेना, तेव्हा त्यांनी शेजारच्या रेश्माला बोलावलं.

“काका, काकूंनी आत आणखी एक संगणक चालवलाय. सगळी ताकद तोच खातोय. त्यात तुम्ही आहात.”

“मी तर इथं बसलोय.”

“मग काकूंनाच विचारा.”

त्यांनी विचारलं. शालन थांबत थांबत म्हणाली, “अहो, तुम्ही रोज ‘ऐकू येतंय ना?’ एवढंच विचारता. आतले तुम्ही ‘जेवलीस का?’ विचारता.”

“तो बंद केला, की काकू पूर्वीसारख्या बोलतील,” रेश्मा म्हणाली.

आतला संगणक बापूरावांनी अजून बंद केलेला नाही. शालनला ‘जेवलीस का?’ विचारायचंही राहिलंय.