लाल ओढणीवाली

लग्नाआधी प्रियदर्शनी एका वऱ्हाडी गाण्याच्या व्हिडिओत नाचली होती. सासरी तिनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. लग्नानंतर ते गाणं यूट्यूबवर आलं आणि बघता बघता शिरपूरभर सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलं.

दुपारी तिच्या सासूबाई, चतुराबाई, मळ्यातून आल्या त्या हातपाय न धुताच टीव्हीसमोर बसल्या.

"दिनेश, ते गाणं लाव," त्यांनी मुलाला सांगितलं. "अन् सूनबाई, तू बी बस अठी."

पडद्यावर लाल ओढणी गरकन फिरली. प्रियदर्शनीनं मान खाली घातली. दिनेश, तिचा नवरा, सकाळपासून तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"थांबव. मांगं घे," चतुराबाई म्हणाल्या. "हा हिरो त नुसता गॉगल लावून उभा हाये. सारं गाणं हीच नाचून राह्यली. लोक कोणाले पाहून राह्यले? खाली काय लिवलं, वाच."

दिनेश अडखळला. "सारे लाल ओढणीवालीचंच लिवून राह्यले, माय."

"आता शेवटी नावं येतात, ते वाच."

त्यानं एकेक नाव वाचलं. आता आपल्याला माहेरी धाडणार, हे प्रियदर्शनीनं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

चतुराबाई उठून उभ्या राहिल्या. रागानं त्यांचा आवाज कापत होता.



"ट्रॅक्टर देणाऱ्याचं बी नाव हाये यात. माह्या सुनेचं काहून नाही?"