चिपशेजारचं नाव

सापडली! ऋजुताच्या प्रोसेसरमध्ये मला अखेर चूक सापडली.

कॉलेजात हीच माझं जर्नल उतरवून काढायची. आता तिने स्वतःच्या प्रोसेसरचा सगळा आराखडा बनवून तो नेटवर खुला ठेवला होता. कुणीही पाहा, कुणीही वापरा. लोक तिला डोक्यावर घेऊन नाचत होते. मी बनवलेले प्रोसेसर मात्र कंपनीच्या कुलपात. त्यातला कोणता माझा, हे आईलाही सांगायची मनाई.

मी ती चूक तिच्याच पानावर, चारचौघांसमोर मांडली. "ऋण संख्यांचा भागाकार चुकतोय. एवढंही तपासलं नाहीस?" खाली मुद्दाम पूर्ण नाव लिहिलं.

तिचं उत्तर लगेच आलं. "वाचवलंस गं बाई! आराखडा चिप बनवायला कारखान्यात उद्याच पाठवणार होते."

दिवाळीच्या सुमारास तिच्याकडून कुरियर आलं. हिरव्या बोर्डावर तिची चिप आणि कडेला, बारीक अक्षरांत, बनवणाऱ्यांची नावं. चूक शोधून देणाऱ्याचंही नाव छापायची या खुल्या आराखडेवाल्यांत रीत आहे म्हणे. तिच्या नावाखाली माझं होतं.

इतक्या वर्षांत चिपशेजारी माझं नाव मी पहिल्यांदाच पाहिलं. बोर्ड घेऊन आईकडे धावले.

मेलीने मला धड जळूही दिलं नाही.