डिंक वाळायच्या आत

“वाचत बसू नका. डिंक लावा आणि पानं मिटा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला.

वरून हुकूम आला होता. समान हक्कांसाठी लढलेल्या त्या नेत्याच्या जीवनावरचा धडा बाद. त्याची समोरासमोरची दोन पानं मुलांकडूनच एकमेकांना चिकटवून घ्यायची. शिक्षणखात्याचे साहेब वर्गावर्गात जाऊन तपासत होते. आता शेजारच्या वर्गात त्यांचे बूट वाजत होते. मागच्या आठवड्यात एका मास्तरांनी नुसतं ‘का?’ विचारलं, तर नोकरी गेली. बाईंचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. हात दाखवून अवलक्षण कोण करणार?

गंमत म्हणजे हा धडा आजवर कुणी वाचलाच नव्हता. परीक्षेला येत नाही म्हणून बाई तो दरवर्षी ऑप्शनला टाकायच्या. आज चिकटवायचा म्हणून सगळ्यांना तो उघडावा लागला, आणि उघडल्यावर जो तो वाचायलाच लागला. हुकूम काढणाऱ्यांच्या घरी बहुतेक मुलंबाळं नसावीत.

“बाई,” पहिल्या बाकावरची मुलगी उठली. वर्गात तिला प्रश्नपेटी म्हणत. “इथं लिहिलंय, मोर्च्याच्या आदल्या रात्री ते इतके घाबरले की घास गिळवेना. बायकोला म्हणाले, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी जाऊ दे. मग सकाळी गेले कसे?”

“समोरच्या पानावर असेल.”

“असेल म्हणजे? तुम्ही वाचलं नाही?”

बाईंनी दाराकडे पाहिलं. “खाली बस. मीट ते पुस्तक.”

तिनं डिंक लावून पानं मिटली, तोवर साहेब दारात होते. त्यांनी तिचंच पुस्तक उचललं आणि चिकटलेल्या पानांच्या कडेवरून नख फिरवलं.

“काय गं, काय होतं यात?”

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी जमिनीकडे.

“माहीत नाही, साहेब.”

“शहाणी आहेस.” साहेबांनी पुस्तक बाकावर ठेवलं. “छान वळण लावलंय हो, बाई.”

ते गेले. बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण आता त्यांना आणखीच भीती वाटू लागली, आणि ती नोकरीची नव्हती. जगातल्या प्रत्येक गोष्टीला ‘का’ लावणारी पोरगी आज ‘माहीत नाही’ म्हणाली होती. तेही त्यांना वाचवायला. आता ती मान खाली घालून बोटांना लागलेला डिंक खरवडत होती.

पलीकडच्या वर्गाचं दार वाजलं. बाईंनी आपल्या वर्गाचं दार लावून घेतलं. घालताना कडी दोनदा निसटली. मग त्या पहिल्या बाकापाशी आल्या.

“डिंक ओला आहे अजून,” त्या कुजबुजल्या. “हलक्या हातानं उघड. आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच वाच. ते सकाळी गेले कसे, ते मलाही कळायला हवं.”