साठ जणांची यादी

निखिल बढतीचे पेढे घेऊन टेंभुर्णीला पोचला, तेव्हा घरापुढचा मांडव सोडणं चाललं होतं. त्याचे वडील, बद्रीनाथअण्णा, ओट्यावर सुतळी गुंडाळत बसले होते.

"अण्णा, लग्न कोणाचं होतं?"

"मीनाचं. परवा लागलं."

निखिलला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण चौकटीवर हळदीची बोटं ताजी होती. सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि भाऊ दीड तासावर जालन्यात, खुर्चीत बसलेला!

"अन् मला कोणी कळवलं न्हाई?"

"धाडला ना मेल. पाहायला आले अन् चार दिवसांत लग्न ठरलं. तूच म्हणल्ता, फोन करू नका, मी मीटिंगमधी असतो, मेल करत जा."

खरं होतं ते. बियाणं कंपनीत रोज दोनशे मेल येऊन त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. मग त्यानं साठ जणांची यादी केली. यादीतल्यांचेच मेल आत, बाकीचे दारातूनच परत. साहेब खूश झाले. यादीत साहेब होते, डीलर होते, साहेबांचा साडूसुद्धा होता. अण्णांना स्वतःचा मेल नव्हता. ते गावातल्या मुझफ्फरच्या सेवा केंद्रातून पाठवत. मुझफ्फरचं नाव यादीत कशाला असेल?

अण्णांनी बंडीच्या खिशातून कागद काढला. मुझफ्फरनं छापून दिलेलं उत्तर. निखिलनं आपलीच वाक्यं वाचली: 'आपले नाव माझ्या यादीत नाही. मेल वाचला जाणार नाही. कृपया पुन्हा पाठवू नये.' खाली त्याचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट.

"अहो, हे मशीन आपोआप पाठवतं!"

"मुझफ्फरबी तेच म्हणला. फोन लावतो म्हणला. मीनाबी रडली. मीच न्हाई लावू दिला. मशीनला शिकवलं कोणी?"

निखिलला बापाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा तो नवरीच्या भावानं. लहानपणी तो मीनाला सांगायचा, "असा पिळीन, की जन्मभर तुला उलटून बोलणार न्हाई."

"मंग... कान कोणी पिळला?"

"मुझफ्फरनं." अण्णांनी पुन्हा सुतळी हातात घेतली. "मीनानं हाक मारली, तसा आला. यादी बघत न्हाई बसला."