दंडावरचा व्रण

सुईतून बाहेर आलेला तुकडा काळा होता.

शेवईच्या तुकड्याएवढा. डॉक्टर साल्मेलांनी तो बाटलीत सोडला, बाटली उजेडाकडे धरली आणि त्यांचं बोलणंच थांबलं. इतका वेळ डॉक्टरबाईंची टकळी अखंड चालू होती. पडद्यावर टाउनोच्या काखेतली गाठ अजून तशीच दिसत होती, करड्या धुक्यात एक गोल डाग. त्याच्या बायकोनं, हिल्कानं, आपला जाड चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाटलीतला तुकडा काळाच होता.

"काळा का?" तिनं विचारलं.

"तपासायला पाठवते. तिळापासून सुरू होणारा एक कॅन्सर असतो, तो असा दिसू शकतो. दिसू शकतो म्हणतेय हं, तोच आहे असं नाही." डॉक्टर टाउनोकडे वळल्या. "अंगावर एखादा तीळ वाढलाय? कधी काही गोंदवलंय?"

टाउनोनं तोंड उघडलं. पण हिल्का बसली होती ना शेजारी!

"चौतीस वर्षं दर शनिवारी सौनाच्या वाफेत याची पाठ चोळतेय मी. गाठसुद्धा माझ्याच हाताला लागली. तीळ नाही, गोंदण नाही, काही नाही. दंडावर एक भाजल्याचा व्रण आहे तेवढा. तरुणपणी सौनाच्या भट्टीवर पडला होता. एवढी मोठी भट्टी, ती दिसली नाही या आंधळ्याला!"

टाउनोनं तोंड मिटलं.

"दहा दिवसांनी या," डॉक्टर म्हणाल्या.

कायानीच्या दवाखान्यापासून घर चाळीस किलोमीटर होतं. टाउनो एरवीही फारसा बोलत नाही. त्या दिवशी हिल्कानंही वाटेभर नुसत्या रस्त्यावरच्या पाट्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कुऱ्हाड काढली आणि लाकडं फोडायला घेतली. तिसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी ढीग खिडकीच्या वर गेला, तेव्हा हिल्का कॉफीचा कप हातात घेऊन ओट्याशी उभी होती आणि तिच्या एकदम लक्षात आलं. माणूस स्वतःसाठी एका हिवाळ्याचं सरपण फोडतो. हे तीन हिवाळ्यांचं होतं. कुऱ्हाड उचलायचं बळ हिल्काच्या हातात नाही, हे त्याला ठाऊक होतं.

ती तशीच मोजे घालून अंगणात धावली.

"पुरे कर ना रे मेल्या!"

शब्द तोंडातून गेला आणि तिनं जीभ चावली. आयुष्यभर ती त्याला असंच ओरडत आली होती. आज पहिल्यांदाच तिला त्या शब्दाचा अर्थ ऐकू आला. टाउनोनं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली, तिच्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आत चल. सर्दी होईल."

शनिवारी सौना तापवली. न तापवून कसं चालेल? हिल्कानं नेहमीसारखा चष्मा बाहेरच्या खिळ्यावर अडकवला. चष्मा नसला की तिला नवऱ्याचं नाकसुद्धा चाचपून शोधावं लागतं. वाफेत ती त्याची पाठ चोळू लागली. पण काखेकडे हात जाईना. तो दंडावरच्या खरबरीत व्रणावर येऊन थांबला, तो तिथेच राहिला.

"घाबरलायस?"

"हो," टाउनो म्हणाला.

चौतीस वर्षांत हा शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मग तीही मनापासून घाबरली.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांच्या समोर बसताना हिल्कानं त्याची बाही मुठीत धरून ठेवली होती. सोडली तर तो तिथल्या तिथे नाहीसा होईल, असं काहीतरी तिला वाटत होतं.

"कॅन्सर नाही," डॉक्टरांनी आधी तेच सांगितलं. "शाई आहे."

"शाई?"

"गोंदवण्याची. ती थोडी थोडी काखेतल्या गाठीत जाऊन बसते. वरचं गोंदण पुसलं तरी आतली शाई जात नाही. जन्मभर राहते. तिचा त्रास नाही काही."

हिल्का हसली, रडली, डॉक्टरांचे दोन्ही हात धरून पुन्हा हसली. "अहो, पण याच्या अंगावर गोंदण नाहीच! मी सांगितलं ना तुम्हाला, याच्या दंडावर नुसता तो..."

ती थांबली. टाउनो खाली, आपल्या बुटांकडे बघत होता.

ती झपझप गाडीपर्यंत गेली. दार उघडलं, पण आत बसली नाही.

"कोण होती?"

"पिर्को. तुझ्या आधी. बोटीवर कामाला होतो तेव्हाची."

"आणि भट्टीवर कधी पडलास?"

"पडलो नाही." त्यानं घसा साफ केला. "तू पहिल्यांदा सौनाला येणार होतीस ना, त्या शनिवारी. दुपारीच भट्टी पेटवली. लाल झाली तसा दंड टेकवला. तिचं गोंदलेलं नाव दिसलं असतं तर निघून गेली असतीस तू."

हिल्कानं चष्मा काढला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. समोर नवऱ्याच्या जागी नुसता एक पांढुरका ठिपका उभा होता. तिनं हात पुढे केला, चाचपत त्याचा दंड शोधला आणि कोटावरूनच तो व्रण घट्ट धरला.

"अरे गाढवा, सौनात मी कधी चष्मा घालून आलेय का?"