चिमट्यात स्क्रू असताना

तिच्या माहेरी पत्र्याच्या पेट्या बनवायचं काम, तेही घरातच. दिवसभर ठोकठोक. साधं मीठ मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. सासर मिळालं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचं. सासऱ्यांच्या चिमट्यात स्क्रू असला की अख्खं घर श्वास रोखून बसायचं. पहिल्याच दिवशी तिने "चहा झालाय!" अशी हाक दिली आणि सासरे दचकल्यामुळे उडालेला स्क्रू सगळं घर संध्याकाळपर्यंत ओणवं होऊन शोधत होतं. तिला कोणी एका शब्दाने बोललं नाही. तिनेच आपणहून आवाज खाली आणला, आणि हळूहळू त्या शांततेत तिचा जीव रमलाही.

वर्षाने ती माहेरी आली. हातातली हातोडी थांबवून वडील ओरडले, "काय गं, बरं चाललंय ना?"

"खूप सुखात आहे, बाबा," ती मनापासून म्हणाली.

वडिलांनी कानामागे हात धरला. तिने पुन्हा सांगितलं. शेवटी आईच ओरडली, "सुखात आहे म्हणतेय ती!"

वडिलांनी हातोडी खाली ठेवली.

"तू नको सांगूस," ते आईला म्हणाले. "सुखात असती तर मला तिचंच ऐकू आलं असतं."